खांबाजवळची जागा

माझे बूट तिच्या पायांत मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा माझा उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मी ओटीवरच्या बाजेवर पडलेली आणि ती अंगणातून लगबगीनं एसटीकडे निघालेली. पांढरे कॅनव्हासचे बूट. बाबांनी पालघरच्या बाजारातून आणलेले, मी दर शनिवारी ओला खडू लावून उजळ केलेले. डाव्या बुटाचा बंद मध्येच तुटला होता म्हणून मी त्याला गाठ मारली होती. ती गाठसुद्धा तशीच होती.

"आई, तिनं माझे बूट घातलेत!" मी ओरडले.

आई उंबऱ्याशी तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "मीच दिले. आज सरावाची मॅच हाय ना तिची? तुझे आपले पडूनच हायेत."

मीही पडूनच होते. पण मला कुणी कुणाला देऊन टाकलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

हेवा वाटला, असं मऊ शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. मी जळले. प्लास्टरच्या आत खाज सुटते आणि तिथं बोट पोचत नाही, तसं काहीतरी त्या दिवसापासून मनात सुरू झालं. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. हे मात्र निघालं नाही.

आमचं घर तारापूरच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला. मागे वाडी. नारळ, पोफळी, केळी, आणि बावखलाच्या कडेनं भाजीचे वाफे. बावखल म्हणजे वाडीतलं उथळ तळं. त्या दिवसांत अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि आमच्याकडे एकदम परक्या माणसांची वर्दळ सुरू झाली होती. बोईसरच्या बाजारात भाजीवाल्या मोडकंतोडकं हिंदी बोलायला शिकल्या. ज्याच्याकडे रिकामी पडवी होती त्यानं ती भाड्यानं दिली. आमच्या मागच्या पडवीत साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं. वडील बांधकामावर वेल्डर, आई घरी, आणि माझे बूट घालून निघालेली ही एकुलती मुलगी. माझ्याहून एका वर्षानं लहान. आल्या दिवसापासून ती मला आक्का म्हणायला लागली. मला मोठी बहीण व्हायची हौस होती, त्यामुळे मी खूश झाले.

सुरुवातीला ती आमच्या सुकटीच्या वासानं नाकाला पदर लावायची. चार महिन्यांत आईच्या चुलीशी बसून सुकटीच्या चटणीबरोबर तांदळाची भाकरी खायला लागली, वर आणखी मागायला लागली. आईला कोण कौतुक त्याचं! मी जन्मापासून सुकट खातेय, माझं कुणी कौतुक केल्याचं आठवत नाही.

पालघरला कॉलेज नवंच निघालं होतं. तिला तिथं मीच नेलं. सकाळची एसटी, मग बोईसरहून गाडी, मध्ये उमरोळी, की पालघर. तिला खो-खोच्या मैदानावरही मीच नेलं. आमचे सर फिजिक्स शिकवायचे आणि खेळांची जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडली होती. ते कोपऱ्यात उभे राहून पुस्तकात बघून नियम सांगायचे. मुली कशाबशा बारा जमल्या होत्या. त्यांत मी खांबाजवळ बसायची.

खो-खो न खेळलेल्यांना सांगायला हवं. आठ जणी एका ओळीत, आलटूनपालटून तोंडं करून उकिडव्या बसतात. नववी पळणाऱ्यांच्या मागं धावते. ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी खांब असतो. धावणारीला मध्येच मागं फिरता येत नाही. फिरायचं तर खांब गाठायचा, तो एका हातानं धरायचा, अंग झोकून द्यायचं आणि वेग न घालवता पलीकडं निघायचं. हे ज्या मुलीला जमतं ती खांबाजवळ बसते. बाकीच्या बाया नुसत्या पळतात, असं माझं तेव्हा मत होतं.

माझं वळणं पाहून सर पुस्तक मिटायचे. ते मी शिकले होते आमच्या वाडीत, पोफळीच्या झाडाभोवती. पोफळीचं खोड हाताच्या पकडीत बसेल असं, सरळ, कड्याकड्यांचं. अनवाणी धावत यायचं, खोड पकडायचं, टाच जमिनीत रोवायची आणि गर्रकन फिरायचं. खोड थोडं वाकून आपल्याबरोबर यायचं. वाडीची जमीन रोज भिजलेली, त्यामुळे रोवलेली टाचही अंगाबरोबर फिरायची. मला वाटायचं हे कसब माझ्या अंगात आहे. तिलाही मी तिथंच शिकवलं, त्याच झाडाला, तसंच. "टाच घट्ट रोव," मी तिला दहादा ओरडून सांगितलं. ती गुणी मुलगी होती, रोवायची.

मग बाबांनी बूट आणले. कॉलेजचं मैदान म्हणजे भातकापणीनंतरचं शेत, उन्हानं तडकलेलं, घणासारखं टणक. खांब साल तासून गुळगुळीत केलेला आणि दोन हात पुरलेला, तसूभर हलत नव्हता. बुटांचे रबरी तळ जमिनीला चिकटणारे. पौषातल्या एका दुपारी सरावाच्या सामन्यात मी जिवाच्या आकांतानं खांबावर गेले, पकडला, टाच रोवली. अंग फिरलं. पाय फिरला नाही. मध्ये गुडघा सापडला.

आवाज आला तो मी एकटीनंच ऐकला असं मला वाटलं होतं. पण ती धावत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. ओल्या फांदीसारखं काहीतरी मोडल्याचं तिनंही ऐकलं होतं. बैलगाडीतून स्टेशन, गाडीतून बोईसर, तिथून एका ट्रकवाल्याच्या शेजारी बसून घर, हा सगळा रस्ता माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. हे मी मुद्दाम सांगतेय. तिच्याविरुद्ध माझ्याकडे काहीही नव्हतं.

बेटेगावच्या बाजूचा एक हाडवैद्य होता, आईनं त्याला बोलावलं. त्यानं गुडघा चाचपला, दोन बोटांनी आत दाबून बघितलं आणि हात जोडले. "हे हाडाचं काम नाय. आतली दोरी गेलीय. डागदरकडं न्या," म्हणाला. शहाणा माणूस. पालघरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन. प्लास्टर घातलं. शेजारच्या बायका बघायला येऊन आईला हळू आवाजात विचारायच्या, "खोड तर नाय ना राहणार पायात? पोरीची जात." मला लग्नाचं काही पडलं नव्हतं. मला फक्त एकच विचारायचं होतं, आणि सर घरी बघायला आले तेव्हा मी ते विचारलंच.

"सर, खांबाजवळ कोण बसतं आता?"

"सध्या तीच बसते," पडवीकडे मान करून सर म्हणाले. "तात्पुरती. तुझ्याच हाताखाली तयार झालीय, हुबेहूब तुझ्यासारखी वळते."

सरांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून एक पोरका पाय बाहेर आला. पांढरा, सुरकुतलेला, काठीसारखा. डॉक्टरांनी मांडीवर बोट ठेवून सांगितलं, "इथलं मांस परत आलं तर गुडघा सांभाळला जाईल. पाय ढकलायचा व्यायाम कर, रोज." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण झालं कसं? वळलीस कशी ते दाखव."

मी टेबलाची कड धरून दाखवलं. ते हसले नाहीत. "टाच रोवून वळतेस? शहाणे, टाच उचलायची, चवड्यावर फिरायचं. टाच रोवलीस की सगळं वजन गुडघ्यात पिळलं जातं. आज नाही तर उद्या मोडणारच होता."

बाबा बाहेर बसले होते. हे वाक्य डॉक्टरांनी फक्त मला सांगितलं. घरी येताना गाडीत मी खिडकीशी बसले होते आणि मला एकच दिसत होतं. ती. तीच टाच, तेच बूट, तोच खांब.

घरी पोचल्यावर सांगू, असं मी ठरवलं. पोचले, तर ती अंगणात आईला पापड वाळत घालायला मदत करत होती, आणि आई तिला म्हणत होती, "तुझ्या हाताला वळण हाय हो." मी आत जाऊन पडले. उद्या सांगू, म्हटलं.

डॉक्टरांच्या व्यायामाला बाबांनी वाट काढली. मोठ्या विहिरीवर आमच्याकडे इंजिन आलं होतं. पण मागं बावखलावर जुना पायरहाट अजून उभा होता. एक फळी, पाठ टेकायला दांडी, आणि समोर लाकडी चाक. फळीवर बसून चाकाचे आरे तळव्यांनी ढकलायचे, की काथ्यानं बांधलेली मडकी एकामागून एक पाणी घेऊन वर यायची आणि पन्हळीत ओतायची. बाबांनी त्याला तेल घातलं, फुटकी मडकी बदलली, आणि इंजिनाचं पाणी भाजीच्या वाफ्यांकडं सोडायचं बंद केलं. "वांगी आता तुझ्या पायावर," म्हणाले. पहिल्या दिवशी मला तीन मडकी वर आणता आली. चौथं अर्ध्यावर लटकलं आणि मी फळीवर बसून रडले. बाबा केळीत पाठमोरे उभे राहून उगाचच एक सुकलेलं पान कापत राहिले.

उन्हाळाभर मी तो रहाट ढकलला. सकाळी सहाला बसायची, ऊन चढेपर्यंत. तीन मडक्यांची तीस झाली, मग मोजणं सोडलं. आणि उन्हाळाभर, रहाटासमोर वीस पावलांवर, त्याच पोफळीभोवती ती सराव करायची.

हे चित्र मला कुणी काढून दिलं असतं तर मी चुलीत घातलं असतं. मी बसलेली, लाकडाची कुरकुर ऐकत. ती धावतेय, वळतेय, धावतेय, वळतेय. वेणी मागं उडतेय. ओल्या मातीत टाचेचे खळगे पडतायत, एकाच जागी, माझे पडायचे तिथंच. ती माझ्याहून उंच होती, त्यामुळे तिचं वळण माझ्याहून मोठं आणि देखणं व्हायचं. ते मला कबूल करावं लागायचं आणि ते कबूल करताना माझा पाय आऱ्यांवर जास्त जोरानं पडायचा. मांडीचं मांस परत आलं ते निम्मं डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि निम्मं त्या जळफळाटानं.

दमली की ती रहाटाशी यायची. पन्हळीखाली ओंजळ धरून पाणी तोंडावर मारायची आणि माझ्या पायाशी बसायची. एकदा तिनं विचारलं, "आक्का, खरं सांग. माझं वळणं बरं होतंय का? तुझ्यासारखं?"

मी चाक थांबवलं. आता सांगायचं, इतकं सोपं होतं ते. टाच उचल. दोन शब्द.

"होतंय," मी म्हटलं. "अगदी माझ्यासारखं."

ती खूश होऊन परत पळाली. तिनं आणखी वीस वळणं घेतली. मी प्रत्येक वळणाला तिच्या गुडघ्याकडे बघत होते. मोडावा असं मला वाटत होतं का? नाही. मोडू नये असं वाटत होतं का? त्याचंही उत्तर मी ठामपणे देऊ शकत नाही. वाडीतल्या मऊ मातीत काही होणार नाही, अजून वेळ आहे, असं मी स्वतःला समजावत होते.

पावसाळ्यात रहाट थांबला. श्रावणात एका सकाळी मी धुण्याच्या दगडाशी कपडे पिळता पिळता पूर्ण उकिडवी बसले आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी बसलेय. मी आईला हाक मारली. आईच्या आधी ती आली, बघितलं, आणि ओल्या हातांसकट मला मिठी मारून नाचायला लागली. "आक्का बसली! आक्का उकिडवी बसली!" एवढ्या मोठ्यानं ओरडली की रस्त्यावरच्यांना वाटलं कुणाचं काय झालं. माझ्या आनंदाचा पहिला घाससुद्धा तिनंच खाल्ला, असं मला तेव्हा वाटलं. इतकी मी हलकट झाले होते.

दिवाळीनंतर वसईकडच्या एका कॉलेजशी सामना ठरला, आमच्याच मैदानावर. आमच्या मुलींचा बाहेरच्या संघाशी पहिलाच. मी सरांसमोर धावून दाखवलं, वळून दाखवलं, चवड्यावर. सरांनी घड्याळ खिशात टाकलं.

"पाय छान आलाय," ते म्हणाले. "पण बसल्या जागेवरून उठायला तुला अजून क्षणभर जास्त लागतो. या सामन्याला तू राखीव. खांबाजवळ तिलाच बसू दे."

दुसऱ्या टोकाला खांब होताच. तिथं सफाळ्याची एक मुलगी बसायची, तीही काही फार तरबेज नव्हती. तिची जागा मागावी हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला तोच खांब हवा होता, ती बसायची तो.

सामन्याच्या सकाळी आम्ही दोघी बोईसर स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट बघत होतो. ती वाकून बुटांचे बंद आवळत होती, माझ्या गाठीवरून बोट फिरवत. तिच्या पिशवीत आईनं दिलेले दोन लाडू होते. एक तिचा, एक माझा, दोन्ही सारखेच, हेही मी बघून ठेवलं होतं.

आणि तिथं मी ते बोलले. नऊ महिने गिळून ठेवलेलं.

"ऐक. खांबावर टाच रोवू नकोस. माझा पाय तसाच गेला. डॉक्टर म्हणाले, टाच रोवून वळणाऱ्याचा गुडघा आज ना उद्या मोडतोच. मोडतोच, म्हणाले."

दुसऱ्यांदा म्हटलेला 'मोडतोच' डॉक्टरांचा नव्हता. माझा होता.

तिचे हात बंदावरच थांबले. "आक्का, मग आता? मला तर तसंच येतंय."

"आता काय," मी म्हटलं. "जपून."

मी हे का केलं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. शिकायला वेळ होता तेव्हा मी गप्प बसले, आणि शिकायला वेळ उरला नाही तेव्हा सांगितलं. शब्द खरे होते, सल्ला खरा होता, डॉक्टर खरे होते. फक्त वेळ मी निवडली होती.

मैदानावर माणसं बऱ्यापैकी जमली होती. आमचा पाठलाग सुरू झाला. तिला खो मिळाला, ती उठली आणि सणसणत खांबाकडे गेली. हात पुढं झाला. आणि पावलं अडखळली. खांब धरायचा सोडून तिनं खाली बघितलं, स्वतःच्या पायाकडं. पळणारी केव्हाच पलीकडं गेली होती. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिनं खांब धरलाच नाही, लांबून वळसा घातला, आणि समोरच्या मुली हसल्या. आमच्यातली एक तिच्यावर ओरडली, "अगं, खांब चावतो का तुला?" तिनं माझ्याकडं बघितलं, मदत मागितल्यासारखं.

डाव संपल्यावर सर माझ्याकडं आले. "काय झालंय हिला?"

"घाबरलीय बहुतेक," मी म्हटलं.

"पुढच्या पाठलागाला बसशील?"

बसशील का म्हणे! मी चपला भिरकावल्या आणि गुडघ्यावर पट्टी आवळायला घेतली. पट्टी लांब होती. तेवढ्यात ती समोर येऊन बसली. तिनं बूट काढले होते. माझा एक पाय मांडीवर घेऊन तिनं त्यात बूट चढवला, बंद आवळला, मग दुसरा. गाठीपाशी बंद अडकला तेव्हा दातांनी ओढला. वर बघून म्हणाली, "आक्का, तू टाच उचल हं. तुझा पाय आताच बरा झालाय."

मी बसले. खांबाजवळ. वर्षभर जिच्यासाठी जीव टाकला ती जागा, तिची माती तळहाताला लागत होती. खो मिळाला. उठले, धावले, खांब पकडला, टाच उचलली आणि चवड्यावर फिरले. गुडघा जागचा हलला नाही. पलीकडं गाफील उभ्या असलेल्या मुलीच्या पाठीवर माझा हात पडला. ती बाद. पुढं आणखी एक बाद. सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं ते बघायला मला मान वळवावी लागली नाही. तो साताऱ्याकडचा आवाज मी कुठंही ओळखला असता.

आम्ही हरलो. तिच्या डावात जे गेलं ते भरून निघालं नाही. गाडीत मुली तिच्याशी जरा फटकून होत्या. ती माझ्या शेजारी बसून दोन्ही लाडू माझ्या हातात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. मी ते खाल्ले नाहीत, एवढंही मला सांगता येत नाही. एक मी खाल्ला.

घरी आल्यावर तिनं आईला पहिलं काय सांगितलं असेल? हरलो, ते नाही. "काकी, आक्कानं आज माझा पाय वाचवला." आईनं माझ्याकडं असं बघितलं, की आयुष्यात त्याआधी कधी बघितलं नव्हतं. सुकटीपेक्षा मोठं कौतुक होतं ते. मी हातपाय धुवायच्या निमित्तानं मागं बावखलावर गेले आणि बराच वेळ परत आले नाही.

त्यानंतर रोज सकाळी मी तिला पोफळीपाशी उभी केली आणि टाच उचलायला शिकवलं. तिला ते आठ दिवसांत आलं. आठ दिवस! मी नऊ महिने तिच्यासमोर बसले होते. सरांनी सफाळ्याच्या मुलीला ओळीत मध्ये बसवलं आणि आम्हां दोघींना दोन खांब दिले. ती त्या टोकाला, मी या टोकाला. हे पहिल्यापासून होऊ शकलं असतं. त्या हंगामात आम्ही एकही सामना हरलो नाही, आणि तिचं वळण माझ्याहून देखणं होतं, शेवटपर्यंत.

केंद्राचं काम आटपत आलं तशी माणसं जायला लागली. तिच्या वडिलांना दुसरीकडं कुठंतरी लांबच्या बांधकामावर बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी तिची आई ओटीवर आली. हातात कुंकवाचा करंडा, एक हिरवा खण आणि नारळ. आमच्या ओटीच्या कोपऱ्यात नारळांचा ढीग होता. पण आमचाच घेऊन आम्हाला द्यायचा नाही, म्हणून ती बाई बोईसरच्या बाजारात जाऊन नारळ विकत घेऊन आली होती. तिनं मला कुंकू लावलं, खण आणि नारळ हातात दिला, आणि तिचे डोळे भरून आले.

"लेकीचा पाय राखलास गं बाई. एकुलती एक हाय माझी. पाय अधू झाला असता तर कुठं उजवली असती तिला?" मग डोळे पुसत तिनं सहज विचारलं, "तुला कवा कळलं गं ते टाचंचं?"

मी तोंड उघडलं. मला वाटतं, मी त्या वेळी खरं सांगणार होते. पण लेकच आईच्या मागून पुढं झाली.

"अगं, त्याच दिशी सकाळी! ध्यानात आल्या आल्या आक्कानं ठेसनावरच सांगितलं. स्वतःची जागा गेलेली असून. दुसरी कुणी असती तर गप बसली असती."

आई, तिची आई, ती, तिघीही माझ्याकडं बघत होत्या. मी नारळाची शेंडी चिवडत मान हलवली.

तो खण मी कधी शिवला नाही. तिची पत्रं मात्र पुढं बरीच वर्षं येत राहिली. एका पत्रात तिनं लिहिलं होतं, की ती आता शाळेत शिकवते, आणि मुलींना खांबावर वळायला शिकवताना आधी माझी गोष्ट सांगते. माझी एक आक्का होती, तिला कळलं त्याच क्षणी तिनं मला सांगितलं, असं.

मी तिच्या धावण्यावर जळले, उंचीवर जळले, आईनं तिला वाढलेल्या चटणीवर जळले. ते सगळं केव्हाच विझलं. पण त्या शाळेतल्या मुलींना माहीत असलेली ती आक्का, जी ऐकल्या क्षणी बोलली, तिचा मला अजूनही हेवा वाटतो.